सोयाबीन पिवळं पडलं? बाटली आणण्याआधी पानाला काय कमी पडतं ते पाहा

पिंपळगाव राजा (ता. खामगाव) : जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस झड लागली की वावरातलं सोयाबीन पिवळं दिसायला लागतं. मग टॉनिकची बाटली आणायची आणि पंपात टाकून मारायची, हा नेहमीचा शिरस्ता. चार दिवसांनी पीक हिरवं झालं तर नाव बाटलीचं होतं. पण त्याच चार दिवसांत ऊन पडलेलं असतं आणि जमिनीला वाफसाही आलेला असतो. मग पीक नेमकं कशाने सुधारलं? हे समजायचं असेल तर पानाचं काम समजून घ्यावं लागेल.

पान काय करतं?

मुळांनी आणलेलं पाणी, हवेतला कर्बवायू आणि सूर्याचा प्रकाश यांच्यापासून पानातलं हरितद्रव्य साखर तयार करतं आणि प्राणवायू बाहेर सोडतं. यालाच प्रकाशसंश्लेषण म्हणतात. वाळलेल्या पिकाच्या दर १०० किलो वजनात ९० किलोहून जास्त भाग हवा आणि पाण्यातूनच आलेला असतो. खताचा वाटा वजनाने थोडा, पण त्याच्याशिवाय पानाचा कारखाना चालत नाही.

या कामाचा वेग कशावर ठरतो, हे इंग्लंडचे शास्त्रज्ञ फ्रेडरिक ब्लॅकमन यांनी १९०५ मध्ये मांडलं. जी गोष्ट सगळ्यात कमी पडते, तीच वेग ठरवते. थ्रेशरवर चार माणसं उभी आहेत, पण सोंगलेला माल आणून देणारा एकच आहे, तर मशीन त्याच्याच चालीने चालतं. बाकीच्या जागी माणसं वाढवून उपयोग नाही.

घरी करून पाहण्यासारखा प्रयोग

अकरावी-बारावीच्या पोरांना हा प्रयोग माहीत असतो. तळ्यात किंवा थांबलेल्या पाण्यात हायड्रिला नावाची वनस्पती मिळते. तिची ताजी फांदी कापून, कापलेलं टोक वर ठेवून काचेच्या ग्लासातल्या पाण्यात बुडवा आणि उन्हात ठेवा. थोड्या वेळाने टोकातून बुडबुडे निघतात. त्यात पानाने सोडलेला प्राणवायू असतो. मिनिटाला किती बुडबुडे निघतात ते मोजा.

- ग्लास सावलीत नेला की बुडबुडे कमी होतात.
- पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की कर्बवायू मिळतो आणि बुडबुडे वाढतात.
- उकळून थंड केलेल्या पाण्यात कर्बवायू उरत नाही, बुडबुडे जवळपास थांबतात.
- बर्फाने पाणी गार केलं तरी वेग घटतो.

नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळत नाही. जगदीशचंद्र बोस यांनीही हायड्रिलावरच असं मोजमाप केलं आणि १९२४ मध्ये त्यावर इंग्रजी पुस्तक लिहिलं.

वावरात हेच कसं दिसतं?

प्रकाश : दाट ढगात पानाला मिळणारा प्रकाश खूप कमी होतो. तेव्हा खत वाढवून वेग वाढत नाही. पऱ्हाटी किंवा सोयाबीन फार दाटलं, तर वरची पानं ऊन खातात आणि खालची सावलीत उपाशी राहतात. युरिया जास्त झाला की पाला माजतो आणि ही सावली अजून वाढते. धुऱ्यावरच्या झाडाखालचं पीक उंच पण बारीक होतं, तेही याचमुळे.

पाणी : ताण पडला की पान आपली बारीक छिद्रं मिटून घेतं. पाणी वाचतं, पण कर्बवायूही आत येत नाही. पीक सुकलेलं दिसण्याआधीच अन्न तयार होणं मंदावलेलं असतं. उलट पाणी साचलं तर मुळांना हवा मिळत नाही आणि अन्नद्रव्यंही उचलली जात नाहीत. अशा वेळी पहिला उपाय म्हणजे चर काढून पाणी बाहेर काढणं.

तापमान : सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा यांचं काम फार उष्णतेत मंदावतं. मका, ज्वारी, ऊस यांच्या पानात कर्बवायू गोळा करायची जादा सोय असते, म्हणून ही पिकं कडक उन्हातही जोमात राहतात.

कर्बवायू : हवेत तो फक्त ०.०४ टक्के असतो. उघड्या वावरात तो बाटलीने वाढत नाही. ओळींत हवा खेळती ठेवणं आपल्या हाती आहे. शेणखत आणि काडीकचरा कुजतानाही तो थोडा मिळतो.

पिवळेपणा ओळखा

- कोवळी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या : लोहाची कमतरता. चुनखडीच्या किंवा चिबडलेल्या जमिनीत हे जास्त दिसतं. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस आणि २५ ग्रॅम चुन्याची निवळी, अशी फवारणी करतात.
- खालची जुनी पानं सगळीच फिकट : नत्र कमी.
- पऱ्हाटीची जुनी पानं लाल, शिरा हिरव्या : बहुतेक मॅग्नेशियम कमी. १० लिटरला १०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट फवारतात.
- हिरवे-पिवळे चट्टे : मोझॅक रोग असू शकतो. तो पांढऱ्या माशीने पसरतो, टॉनिकने बरा होत नाही. अशी झाडं लवकर उपटून काढावीत.

दोन ओळी कोऱ्या सोडा

काहीही फवारा, पण त्याच वावरात दोन-चार ओळी न फवारता सोडा आणि तिथे खुंटी रोवा. आठ-दहा दिवसांनी दोन्हीकडची पानं शेजारी धरून पाहा. फरक नसेल तर पुढच्या वेळी तो खर्च वाचला. फरक असेल तर तो डोळ्यांनी पाहिलेला असेल, कुणी सांगितलेला नाही.

कारण कळत नसेल तर मंडळ कृषी अधिकारी, जळगाव जामोदचं कृषी विज्ञान केंद्र किंवा अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ इथे पानं नेऊन दाखवता येतात. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक मोफत आहे. जाताना सगळ्यात वरचं आणि सगळ्यात खालचं, अशी दोन्ही पानं सोबत न्यावीत.