श्रोत्याचा वाटा: कथनविद्येचा मागोवा

शाळेच्या कथाकथन स्पर्धेत मुलं गोष्ट पाठ म्हणतात. दुःखाचं वाक्य आलं की आवाज कापरा होतो, हात छातीवर जातो. हावभाव चोख असतात, पण ऐकणाऱ्यांचे डोळे कोरडे राहतात. मन कशानं हलतं, हे शिकण्या-शिकवण्याची आपली परंपरा फार जुनी आहे. वसई-विरारकरांना तर तिचा माग घराजवळूनच काढता येतो.

नालासोपाऱ्याच्या बुरुड राजाच्या कोटातला स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी उकरला. अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा तुकडाही त्याच वर्षी सोपाऱ्यात मिळाला. नवव्याचा १९५६ साली भुईगावला. सोपारा हे अपरान्ताचं, म्हणजे कोकण किनाऱ्याचं, मोठं बंदर. अशोकाच्या काळी अपरान्तात योन धम्मरक्खित, म्हणजे एक यवन भिक्षू, आला आणि त्यानं लोकांना ‘अग्गिक्खन्धोपम सुत्त’ ऐकवलं, असं ‘महावंस’ हा पाली ग्रंथ सांगतो. या सुत्तात बुद्ध धगधगता जाळ दाखवून भिक्षूंना विचारतात, याला मिठी मारणं बरं, की सुंदर तरुणीला? भिक्षू सोपं उत्तर देतात. बुद्ध ते उलटवतात आणि पुढचा, आणखी दाहक प्रश्न टाकतात. शेवटी साठ भिक्षूंच्या तोंडून ऊन रक्त येतं, साठ जण भिक्षुव्रत सोडतात, साठ मुक्त होतात. एकाच कथनाचे हे तीन परिणाम. कारण उत्तर श्रोत्यांनी स्वतः दिलेलं होतं. ते चुकीचं ठरलं तेव्हा चटका त्यांनाच बसला.

कीर्तनानं हीच विद्या वेगळ्या वाटेनं वाढवली. नारदीय कीर्तनाच्या पूर्वरंगात अभंगाचं निरूपण होतं, मग नामगजर, आणि उत्तररंगात आख्यान. हरिश्चंद्राचं आख्यान घ्या. स्मशानात तो एका बाईकडे प्रेताचा कर मागतो. ती त्याची बायको तारामती आहे आणि प्रेत त्यांच्या मुलाचं, रोहिदासाचं आहे, हे श्रोत्यांना ठाऊक असतं, त्याला नसतं. जाणता कीर्तनकार इथे घाई करत नाही. एखादं पद घेतो, थांबतो. त्या थांबण्यात श्रोत्यांचा जीव कासावीस होतो.

ही कला शिकायची रीतही बोलकी आहे. वारकरी कीर्तनात शिष्य आधी बुवांच्या मागे टाळ घेऊन उभा राहतो. त्या जागेवरून त्याला बुवांची पाठ दिसते आणि श्रोत्यांचे चेहरे दिसतात. कुठल्या शब्दाला माणसं पुढे झुकली, कुठे पदर डोळ्यांना लागला, हे तो वर्षानुवर्षं पाहतो. १९१७ साली जोगमहाराजांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली आणि या गुरु-शिष्य परंपरेला शाळेची चौकट मिळाली.

वसईवर पोर्तुगीज राज्य असतानाच गोव्यात राचोलला १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. हा इंग्रज जेझुइट मराठी ओवीत लिहीत होता. नवख्रिस्ती लोकांचे कान पुराण ऐकण्यात वाढलेले आहेत, हे त्यानं ओळखलं होतं. नवी कथा त्यानं त्यांच्या ओळखीच्या लयीत घातली. श्रोत्याकडून काही मागायचं, तर आधी त्याच्या ओसरीवर जाऊन बसावं लागतं.

१९३३ साली नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. तिची प्रकरणं म्हणजे रात्री: श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आठवण सांगतो. अंघोळ झालेल्या श्यामच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आई दगडावर आपल्या लुगड्याचे ओचे पसरते. प्रेम किती होतं, हे त्या ओच्यांवरून ऐकणारा स्वतः ताडतो. गुरुजींच्या निधनानंतर प्रकाशभाई मोहाडीकरांनी साने गुरुजी कथामाला उभी केली आणि गोष्ट सांगणं हे शिक्षणाचं काम म्हणून शाळाशाळांत पोचलं.

या साऱ्यांनी श्रोत्याला काही ना काही काम दिलं: उत्तर द्यायचं, आधीच जाणून तळमळायचं, पाहून ताडायचं. भावना त्या कामातून उपजते. म्हणून आपल्या शाळांत शिकवायचं ते हेच. गोष्टीतले ‘दुःखी’, ‘आनंदी’ असे शब्द काढून त्या जागी एक कृती ठेवा. पात्रापेक्षा श्रोत्याला जास्त कळतं ती जागा शोधा आणि तिथे थांबा. आणि एक मूल गोष्ट सांगत असताना दुसऱ्याला त्याच्या मागे उभं करा, वर्गाचे चेहरे वाचायला. स्पर्धेत त्या दुसऱ्या मुलालाही गुण मिळायला हवेत; उद्याचा कथेकरी तोच आहे.