वेल्चिया : न बोलावता आलेला वैद्य

१६ जुलै २००३ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एक भगदाड बुजवणारा पॅच प्रसिद्ध केला. तो बसवण्याची तसदी मात्र असंख्यांनी घेतली नाही. ११ ऑगस्टला त्याच भगदाडातून ‘ब्लास्टर’ हा वर्म जगभरच्या संगणकांत शिरला.

इथवरची कथा नेहमीचीच. विलक्षण भाग पुढे आहे.

आठवड्याभरातच, १८ ऑगस्टला, ‘वेल्चिया’ अवतरला. ‘नाची’ हे त्याचेच दुसरे नाव. हाही वर्मच, आणि वाटही मुख्यत्वे तीच. पण आत शिरताच तो ब्लास्टरला थांबवी, त्याची फाइल पुसून टाकी, खुद्द मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून पॅच उतरवून घेई, तो बसवी आणि संगणक पुन्हा सुरू करी. मालकाला एका शब्दाने न विचारता! २००४ साल उजाडले की स्वतःलाही पुसून टाकण्याची तरतूद त्यात होती. कार्यालयातला सिस्टिम ॲडमिन शेकडो संगणकांवर पडद्याआडून जुने सॉफ्टवेअर काढतो, नवे चढवतो. काम तेच, अधिकार तेवढा नव्हता.

शिवाय पुढचा संगणक शोधताना तो ‘पिंग’चा असा भडिमार करी, की नेटवर्कच तुंबे. एअर कॅनडाचे चेक-इन रखडले; अमेरिकी नौदल व मरीन दलाच्या अंतर्गत नेटवर्कलाही फटका बसला. त्याला ‘उपकारक वर्म’ म्हणणारे आजही भेटतात. मला ते पटत नाही : रोग्याचे दार फोडून येणाऱ्याला वैद्य कसे म्हणावे?

ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला. त्यात फायरवॉल मुळातच चालू होती, आणि स्वयंचलित अपडेट सुरू करण्याचा आग्रह आता मायक्रोसॉफ्ट स्वतःच धरू लागली होती.