नेटवर्क फाइल सिस्टिममधील खोळंबा : दोष की योजना?
सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९८५ साली प्रसृत केलेल्या नेटवर्क फाइल सिस्टिमचे मूलतत्त्व असे, की सर्व्हरने आपल्या ग्राहकयंत्रांची स्थिती स्मरणात ठेवू नये. सर्व्हर बंद पडल्यास ग्राहकाने तीच विनंती उत्तर येईपर्यंत पुनःपुन्हा करावी. युनिक्सवरील 'हार्ड माउंट'चा खोळंबा हा या योजनेचाच परिणाम होय. 'सॉफ्ट माउंट'मध्ये प्रतीक्षा आटोपते खरी; परंतु लेखन अर्धवट राहून माहिती बिघडण्याचा संभव असतो. २००८ सालच्या लिनक्स २.६.२५ या आवृत्तीने अशी अडकलेली प्रक्रिया 'किल' संकेताने संपविण्याची सोय केली. तथापि तेवढ्याने मूळ कारण दूर होत नाही. सबब अभ्यासकाने प्रथम सर्व्हर व जाळे तपासावे. प्रक्रियेस हात मागाहून लावावा.