कुत्र्याची त्वचा, आपली त्वचा

लातूर जिल्ह्यात कारवानी कुत्रा पाळण्याची रीत जुनी आहे. चाकूर तालुक्यातल्या जानवळचे नावच या सडपातळ, वेगवान कुत्र्याशी जोडले गेले आहे. राखणीचा कुत्रा अंगणात निजतो, पोरांच्या हातची भाकरी खातो. त्यामुळे त्याच्या त्वचेवरच्या जंतूंचा अभ्यास करताना घरातली माणसेही आपसूक त्यात येतात.

कुत्र्याच्या त्वचेवरचा मुख्य जंतू स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस. त्याला स्वतंत्र ओळख मिळाली ती २००५ साली. निरोगी कुत्र्याच्या नाकातोंडात आणि त्वचेवर तो निरुपद्रवीपणे राहतो. गोचीड, पिसवा किंवा अ‍ॅलर्जीमुळे कुत्रा अंग ओरबाडू लागला, की मात्र त्याचे फावते. पुटकुळ्या येतात, पू धरतो, गोल चट्ट्यांत केस गळतात. मग घरात उरलेल्या गोळ्या दिल्या जातात, चट्टा सुकताच थांबवल्या जातात आणि मूळ खाज तशीच राहते. प्रत्येक फेरीत औषधाला पुरून उरणारे जंतू टिकतात.

त्यांतल्या काहींकडे मेक-ए हे जनुक असते. पेनिसिलिनच्या कुळातली औषधे जंतूची भिंत बांधणाऱ्या प्रथिनांना जखडतात. हे जनुक त्या जागी औषधाच्या पकडीत न येणारे प्रथिन पुरवते. सेफॅलेक्सिन हे औषधही मग निरुपयोगी ठरते.

प्रयोगशाळेतला एक चकवा आधीच सांगून ठेवतो. माणसातल्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस या भाऊबंदाचा प्रतिकार ओळखायला सेफॉक्सिटिन या औषधाची चकती उत्तम. स्यूडइंटरमीडियसच्या बाबतीत तीच दगा देते, ऑक्सॅसिलिनची चकती लागते. शिवाय दोन्ही जंतू कोअ‍ॅग्युलेज चाचणीत सारखेच दिसतात. म्हणून माणसाच्या जखमेतला स्यूडइंटरमीडियस ऑरियस म्हणून नोंदला जातो आणि कुत्र्याकडे कुणाचे लक्षच जात नाही.

भीती मात्र बाळगू नका. कुत्र्याच्या मालकांच्या, पशुवैद्यांच्या नाकात हा जंतू सापडतो, बहुधा तात्पुरता. आजार क्वचितच होतो, तोही चावलेल्या जखमेत, शस्त्रक्रियेनंतर किंवा प्रतिकारशक्ती खालावलेली असताना. उलट दिशेने माणसाचा प्रतिरोधक ऑरियस कुत्र्याकडे जातो. कुत्र्याला घराबाहेर काढून म्हणूनच काही साधत नाही. हात धुणे, वरवरच्या संसर्गाला क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू आणि पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या त्वचारोगात औषधाआधी पुवाची तपासणी, यांनी बरेच साधते.

उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या चकत्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. आणि रुग्णाच्या जखमेतला पू तपासणीला पाठवताना एक प्रश्न जरूर विचारावा: घरी कुत्रा आहे का?