उडत्या तबकड्या आणि मुलाखतकार : कठोर प्रश्न व मनोरंजन यांचा समतोल

प्रस्तावना :

२४ जून १९४७ रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाने माऊंट रेनिअर पर्वताजवळ नऊ चकाकत्या वस्तू अतिवेगाने जाताना पाहिल्याचे सांगितले. ‘उडती तबकडी’ हा शब्दप्रयोग त्यानंतर वृत्तपत्रांनी रूढ केला. पुढील पन्नास वर्षे असे अनुभव सांगणारे पाहुणे अमेरिकन नभोवाणी व दूरचित्रवाणीवर येत राहिले. त्यांची मुलाखत घेणाऱ्यापुढे एक पेच कायम होता. प्रश्न सौम्य असतील तर अफवेला व्यासपीठ मिळते. अतिकठोर असतील तर पाहुणा बोलेनासा होतो व श्रोताही दुरावतो. प्रस्तुत लेखात तीन मुलाखतकारांच्या पद्धतींचा परामर्श घेतला आहे. प्रश्नाची कठोरता आवाजाच्या धारेवर नव्हे, तर पडताळून पाहता येईल असे उत्तर मिळविण्यावर अवलंबून असते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

१. नेबेल : चर्चामंडळाची पद्धत

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कच्या ‘डब्ल्यूओआर’ केंद्रावरून ‘लाँग जॉन’ नेबेल यांचा कार्यक्रम मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत चाले. नेबेल हे पूर्वाश्रमीचे लिलाव पुकारणारे. श्रोत्याला धरून ठेवण्याची कला त्यांना अवगत होती. परग्रहवासीयांशी भेट झाल्याचा दावा करणारे जॉर्ज व्हॅन टॅसल व हॉवर्ड मेंजर यांना त्यांनी मोकळेपणाने बोलू दिले. स्वतः नेबेल यांचा या दाव्यांवर विश्वास नव्हता. मात्र उलटतपासणीचा भार त्यांनी एकट्याने वाहिला नाही. विज्ञानकथालेखक लेस्टर डेल रे यांच्यासारखे संशयवादी त्यांच्या चर्चामंडळात बसत. यजमानाचे सौजन्य आणि परीक्षकाचा संशय ही दोन कामे अशा रीतीने वेगवेगळ्या व्यक्तींकडे विभागली गेली. कित्येक तासांच्या संभाषणात कथेतील विसंगती उघड होण्यास पुरेसा अवकाशही मिळे.

२. वॉलेस : एकतर्फी कठोरता

मेजर डोनाल्ड कीहो हे मरीन कोअरचे निवृत्त अधिकारी. हवाई दल तबकड्यांविषयीची माहिती दडवीत आहे, असा त्यांचा आरोप होता. २२ जानेवारी १९५८ रोजी ‘सीबीएस’च्या एका थेट कार्यक्रमात त्यांनी मंजूर संहितेबाहेर बोलण्यास सुरुवात करताच त्यांचा ध्वनी बंद करण्यात आला. त्यानंतर सुमारे सहा आठवड्यांनी, ८ मार्च रोजी, ‘एबीसी’वर माइक वॉलेस यांनी त्यांना पाचारण केले. वॉलेस यांचे भेदक प्रश्न हेच त्यांच्या कार्यक्रमाचे आकर्षण होते. म्हणजेच, येथे कठोरता हाच मनोरंजनाचा प्रकार होता.

हवाई दलाची भूमिका पुढे ठेवून वॉलेस यांनी कीहो यांना पुराव्याविषयी विचारले. हे योग्यच होते. तथापि, शासकीय भूमिकाही तितक्याच काटेकोरपणे तपासणे आवश्यक होते. सीआयएने जानेवारी १९५३ मध्ये बोलाविलेल्या रॉबर्टसन समितीने, प्रसारमाध्यमांच्या साहाय्याने या विषयाचे जनमानसातील आकर्षण कमी करावे, अशी शिफारस केली होती; तिचा पूर्ण तपशील तेव्हा जनतेसमोर नव्हता. यावरून कीहो यांचा परग्रहवासीयांविषयीचा निष्कर्ष सिद्ध होत नाही. परंतु गोपनीयतेचा त्यांचा आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हता, हे दिसते. ‘तबकड्या खऱ्या की खोट्या’ या वादात हा भेद झाकला गेला. पुढे १९६९ मध्ये हवाई दलाचा ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ बंद झाला, तेव्हा १२,६१८ नोंदींपैकी ७०१ अनिर्णीत राहिल्या होत्या.

३. बेल : न विचारलेला प्रश्न

नेवाडातील पाहरम्प येथून प्रसारण करणारे आर्ट बेल यांनी पाहुण्याला न अडविण्याचे धोरण स्वीकारले. नोव्हेंबर १९९६ मध्ये त्यांच्या कार्यक्रमात हेल-बॉप धूमकेतूमागे एक गूढ वस्तू असल्याचा दावा करण्यात आला. पाठोपाठ एक छायाचित्र बेल यांच्याकडे आले. ते एका नामवंत खगोलशास्त्रज्ञाने दिल्याचे सांगितले गेले. ‘हा शास्त्रज्ञ कोण?’ हा साधा प्रश्न निर्णायक ठरला असता. गोपनीयतेच्या अटीमुळे छायाचित्र सुमारे दोन महिने प्रसिद्ध झाले नाही. जानेवारी १९९७ मध्ये ते प्रसिद्ध होताच, ते आपल्याच छायाचित्रात फेरफार करून बनविल्याचे हवाई विद्यापीठाच्या खगोलशास्त्रज्ञांनी दाखवून दिले.

२६ मार्च १९९७ रोजी कॅलिफोर्नियात ‘हेवन्स गेट’ पंथाच्या ३९ जणांचे मृतदेह आढळले. धूमकेतूसोबत आपल्याला नेणारे यान येत आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. या मृत्यूंचा दोष बेल यांना देणे मात्र अनैतिहासिक ठरेल. पंथ १९७० च्या दशकापासून अस्तित्वात होता आणि धूमकेतूला सोबती आहे की नाही हे आपल्या दृष्टीने गौण असल्याचे त्याने स्वतःच नमूद केले होते. तरीही, न तपासलेला दावा करमणूक म्हणून प्रसारित झाला तरी तो सर्वांकडून करमणूक म्हणूनच ऐकला जात नाही, एवढे या घटनेवरून स्पष्ट होते.

निष्कर्ष :

नेबेल यांनी पाहुण्याला वेळ व संशयाला स्वतंत्र आसन दिले. वॉलेस यांनी पुरावा मागितला, पण एकाच बाजूकडे. बेल यांनी मोकळीक दिली, पण उगमाचा प्रश्न लांबणीवर टाकला. कोठे, केव्हा, आणखी कोणी पाहिले, छायाचित्र कोणाकडून आले, हे प्रश्न पाहुण्याचा अवमान करीत नाहीत आणि कथेची रंजकताही घालवीत नाहीत. मौखिक इतिहासाची साधने गोळा करणाऱ्या अभ्यासकालाही निवेदकापुढे बसताना याच प्रश्नांची गरज भासते.