२९ जानेवारी १९७७ : ‘बझकॉक्स’ची स्वखर्चाची ध्वनिमुद्रिका

मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ बँडची ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची ध्वनिमुद्रिका २९ जानेवारी १९७७ रोजी प्रसिद्ध झाली. पीट शेली, हॉवर्ड डिव्होटो आणि साथीदारांनी मोठ्या कंपनीची वाट पाहिली नाही. घरच्यांकडून व मित्रांकडून सुमारे ५०० पौंड उसने घेऊन त्यांनी ‘न्यू हॉर्मोन्स’ हे स्वतःचे लेबल काढले. निर्माता मार्टिन हॅनेटच्या देखरेखीखाली २८ डिसेंबर १९७६ रोजी काही तासांत ध्वनिमुद्रण पार पडले. कोणते गाणे कितव्या टेकमध्ये जमले, हेही वेष्टनावर छापले. पहिल्या हजार प्रती हातोहात खपल्या; पुढे खप सोळा हजारांपर्यंत पोहोचला.

डिव्होटो लवकरच बाहेर पडला आणि शेली मुख्य गायक झाला. त्याच वर्षी बँड ‘युनायटेड आर्टिस्ट्स’ कंपनीकडे गेला. वेगवान गिटार, ओठांवर रेंगाळणारी चाल आणि प्रेमातली तगमग या त्यांच्या शैलीतूनही पॉप पंक या संगीतप्रकाराला वाट मिळाली. १९७८ चे ‘एव्हर फॉलन इन लव्ह’ हे गाणे ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत बाराव्या स्थानी पोहोचले. १९८१ मध्ये थांबलेला बँड १९८९ मध्ये पुन्हा एकत्र आला. शेलीचे ६ डिसेंबर २०१८ रोजी निधन झाले.

आपल्याकडे वसईत आणि तिथल्या पापडी गावातही चर्चमधील गायनाची आणि ब्रास बँडची जुनी परंपरा आहे. येथे गिटार हाती घेणाऱ्या मुलामुलींनी हा इतिहास जरूर वाचावा. स्वतःची गाणी स्वतःच्या हिमतीवर लोकांपर्यंत नेता येतात, हे या चार गाण्यांनी सिद्ध केले.