निद्रेंतील दडपण

मनुष्य जागा होतो. खोली ओळखूं येते. परंतु हात उचलत नाहीं, तोंडांतून हांक फुटत नाहीं. छातीवर कोणी बसलें आहे, कोपऱ्यांत कोणी उभें आहे असा भास होतो आणि घटकाभर वाटणारा हा प्रकार फार तर मिनिटा-दोन मिनिटांत ओसरतो. हा अनुभव सर्व देशांत आढळतो. बदलत आला आहे तो त्याचा अर्थ. अमरावती-अकोल्याकडील खेड्यांत अशा वेळीं मुंजाचें किंवा हडळीचें नांव घेतलें जाई. इंग्लंडांत छातीवर बसणाऱ्या भुताला 'मेअर' म्हणत, व दुःस्वप्नाचा इंग्रजी शब्द त्यावरूनच बनला. फ्यूझेली या चित्रकारानें १७८१ सालीं तेंच भूत निजलेल्या स्त्रीच्या उरावर बसलेलें रंगविलें.

आपल्या प्राचीन वैद्यांची दृष्टि मात्र सर्वस्वीं भुताखेतांकडे नव्हती. चरकसंहितेंत स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकीं पाहिलेलें, ऐकलेलें, अनुभवलेलें, इच्छिलेलें व कल्पिलेलें हे पांच निष्फळ मानले आहेत; दोषज स्वप्नाचें मूळ तर शरीरांतील दोषांतच शोधलें आहे.

वऱ्हाडच्या जीवनक्रमांत या भासाला अनुकूल अशा गोष्टी होत्या. १८६० नंतरच्या दशकांत लोहमार्ग आला आणि कापसाचा व्यापार वाढला. हंगामांत जिनांतून रात्रपाळी चाले. ज्वारीच्या राखणीसाठीं शेतकरी शेतांत जागल करी. मोडलेली झोप, अवेळीं झोप आणि उताणें निजणें यांनीं हें दडपण अधिक येतें, हें आतां सिद्ध झालें आहे. माळ्यावर एकटाच पडलेल्या राखणदारास मध्यरात्रीं कोणी धरल्यासारखें वाटलें, तर तो खोटें बोलत होता असें नव्हे.

मग खरें काय घडतें? शिकागो येथें ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनीं १९५३ सालीं दाखविलें कीं, झोपेच्या एका अवस्थेंत मिटल्या पापण्यांखालीं डोळे वेगानें हलतात. ठळक स्वप्नें प्रायः याच अवस्थेंत पडतात. या अवस्थेंत शरीराचे स्नायु शिथिल होऊन पडतात, असें फ्रान्समध्यें जूव्हे यांस १९५९ सालीं मांजरांवरील प्रयोगांत आढळलें. स्वप्नांतील धांवपळ देहानें प्रत्यक्ष करूं नये, अशीच ही योजना होय. कधीं जाणीव आधीं जागी होते आणि शिथिलता मागें रेंगाळते. श्वासपटल आपलें काम करीत असतें. पण मुद्दाम दीर्घ श्वास घेऊं जातां छातीचे स्नायु साथ देत नाहींत. तेंच ओझें वाटतें. स्वप्नाचा उरलेला भाग उघड्या डोळ्यांपुढें उभा राहतो, आणि भ्यालेला मेंदु त्यास 'कोणी तरी' हें रूप देतो.

शंभरांतील सात-आठ माणसांना हा प्रकार आयुष्यांत एकदां तरी होतो व बहुधा तो निरुपद्रवी असतो. परंतु त्याच्या जोडीला दिवसा अनावर झोप येत असेल, हंसतां हंसतां गुडघे लुळे पडत असतील, तर तो निराळा रोग होय. जेलिनो या फ्रेंच वैद्यानें १८८० सालीं त्यास 'नार्कोलेप्सी' असें नांव दिलें. ओरेक्सिन नांवाचें द्रव्य निर्माण करणाऱ्या मेंदूंतील पेशी अशा रोग्यांत नष्ट झालेल्या असतात, असें २००० सालीं उघडकीस आलें. अशा मुलावर घरांत दुहेरी अन्याय होतो: दिवसा तो आळशी ठरतो, रात्रीं झपाटलेला.

यांतील दुसऱ्या अन्यायाशीं वऱ्हाडच्याच दोन पुरुषांनीं झुंज दिली. शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेल्या गाडगे महाराजांनीं आपल्या कीर्तनांतून नवस व मंत्रतंत्र यांवर वऱ्हाडी बोलींत कोरडे ओढले. मोझरीस १९३५ सालीं गुरुकुंज आश्रम स्थापणाऱ्या तुकडोजी महाराजांनींही भजनांतून अंधश्रद्धेवर प्रहार केले. पुढें २०१३ सालच्या महाराष्ट्राच्या कायद्यानें भूत उतरविण्याच्या मिषानें माणसास बांधणें, मारणें वा मिरचीची धुरी देणें हा गुन्हा ठरविला.

पहिला अन्याय मात्र कायद्यानें दूर होणारा नाहीं. "कांहीं नाहीं, भास आहे," एवढें म्हणून भ्यालेल्या मुलाचें समाधान होत नाहीं; कारण त्यानें जें अनुभवलें तें त्याच्यापुरतें खरेंच असतें. अशा वेळीं अंगास हळूच स्पर्श करावा, नांवानें हांक मारावी. दडपण बहुधा लौकर सुटतें. नित्य वेळेवर झोप व कुशीवर निजणें हितावह. दिवसाची झोप आवरेनाशी झाली, तर मात्र त्यास बोल न लावतां डॉक्टरांकडे न्यावें.